वहीचं काम वेगळं

आपल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी 'माझं काम' या विषयावर लिहा, असं सचिवांच्या सहीचं पत्र सगळ्या सभासदांना गेलं. मलाही आलं. लेखन हलकंफुलकं असावं, सणाचा अंक आहे, अशी खाली सूचना होती. मी ते पत्र फाडून दुकानातल्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. जानेवारीपासून मी मंडळाची पायरी चढलेले नाही, आणि ज्यांच्यामुळे चढलेले नाही त्यांचीच खाली सही होती. तरी लिहायला बसले आहे. का, ते ओघात येईल. हलकंफुलकं मात्र यात काही सापडणार नाही.

माझं दुकान हैदराबादेत आबिड्सला एका जुन्या कॉम्प्लेक्सच्या पहिल्या मजल्यावर आहे. दोन माणसं आत आली की तिसऱ्याने जिन्यात उभं राहायचं, एवढं. टीव्हीला जोडून खेळायची गेमची मशीनं मी दुरुस्त करते. नवीन गिऱ्हाईक आधी माझ्या मागे बघतं. मागे भिंत आहे. मग विचारतं, "भय्या नहीं है क्या आंटी?" मी म्हणते, "भय्या मीच. काम बोलो."

हे काम मला कुणी शिकवलं नाही. वडील नांदेडकडून इथे एका ऑफिसात शिपाई म्हणून आले, मी दहावीनंतर सरकारी कारखान्यात टीव्हीच्या बोर्डांना सोल्डरिंग करायला लागले. लांब टेबलाशी आम्ही बायका ओळीने बसायचो, मान खाली, हातात तापलेली सळई. बाईचा हात हलका म्हणून बायकांना घ्यायचे, आणि हात हलका म्हणून पगारही हलका द्यायचे. लाइन बंद पडली तेव्हा साहेबलोकांची दुसरीकडे सोय झाली. आमची कुणी केली नाही. मी कोठीला फुटपाथवर रिमोटची कव्हरं विकली, मग रिमोट दुरुस्त केले, मग कुणीतरी बंद पडलेलं गेमचं मशीन आणून टाकलं आणि म्हणालं, "हुआ तो करो, नहीं तो फेंक देव." मी ते उघडलं. बोर्ड तो बोर्डच. तेव्हापासून आजपर्यंत मी कुणाचं ऐकून घेतलेलं नाही, आणि भाव सांगितल्यावर एकदाही पहिल्या फटक्यात उतरवलेला नाही.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेम खेळताना माणूस जिथवर पोचतो, जे कमावतो, बांधतो, त्याची नोंद मशीनच्या मेमरीत राहते. तिला सेव्ह म्हणतात. डिस्क म्हणजे नुसतं रिकामं मैदान. खेळणाऱ्याची वर्षं त्या सेव्हमध्ये असतात. डिस्क बाजारात दुसरी मिळते. सेव्ह मिळत नाही.

आता कंपन्यांची बदमाशी बघा. एकच गेम जपानसाठी वेगळा काढतात, अमेरिकेसाठी वेगळा, युरोपसाठी वेगळा. एका देशाची डिस्क दुसऱ्या देशाच्या मशीनवर चालत नाही. मशीन उघडून त्यात फेरफार केला, ज्याला आमच्याकडे मोड करणं म्हणतात, तर चालते. पण तरी सेव्ह चालत नाही. कारण सेव्हच्या कपाळावर देशाचं अक्षर लिहिलेलं असतं. अमेरिकेचा गेम फक्त अमेरिकेचं अक्षर शोधतो. जपानचं सेव्ह समोर असलं तरी म्हणतो, इथे काहीच नाही, नव्याने सुरुवात करा. पैसे घेऊन विकलेल्या वस्तूत माणसाची स्वतःची मेहनत त्यालाच दिसू नये, हा कुठला न्याय?

हैदराबादेत हा प्रश्न फार, कारण इथे घरटी कुणीतरी बाहेर आहे. कुणी जेद्दाहून मशीन आणतं, कुणी डलासहून. सुट्टीला आलेला माणूस मशीन भावाला देऊन जातो, भाऊ ते कुठूनतरी मोड करून घेतो, इकडची डिस्क लावतो, आणि दोघं मिळून माझ्या जिन्यात उभे. "आंटी, गेम तो चल रा, मगर पूरा खेला हुआ गायब!" गायब नसतं. मी मोड केलेल्या मशीनमधून सेव्ह बाहेर काढते, कपाळावरचं अक्षर बदलते, शेवटी एक बेरीज असते ती पुन्हा जुळवते, आणि परत आत ठेवते. बेरीज जुळली नाही तर गेम म्हणतो सेव्ह खराब आहे, आणि पुसून टाकू का म्हणून विचारतो. कोठीच्या एका दाताच्या डॉक्टरांनी घाईत 'हो' दाबलं होतं. दुसऱ्या एका दुकानातून काम करून आणलं होतं त्यांनी, स्वस्तात. माझ्या काउंटरवर डोकं धरून बसले. मी म्हटलं, "डॉक्टरसाब, सस्ते में दाँत निकालते क्या आप?" बिचारे हसलेही नाहीत.

म्हणून माझा नियम आहे. कशालाही हात लावण्याआधी मेमरीची जशीच्या तशी कॉपी एका कार्डावर घ्यायची, कार्ड पाकिटात घालून त्यावर गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं, आणि गिऱ्हाइकाने घरी जाऊन सगळं बघून फोन केल्याशिवाय ते पुसायचं नाही. आणि दुसरा नियम, भाव ठरताना जे काम ठरलं तेवढंच करायचं. जास्त नाही, कमी नाही. या दुसऱ्या नियमाचा मला अभिमान होता.

आता मुद्द्यावर येते.

गेल्या डिसेंबरात गोविंदराव दुकानात आले. आपल्या मंडळाचे सचिव, बँकेतून निवृत्त. मी बारा वर्षं मंडळाची वर्गणी भरते. स्टेजवर मी एकदाच चढले आहे, खुर्च्या लावायला. त्यामुळे त्यांनी मला नावाने हाक मारली तेव्हा नवल वाटलं.

"सुजाताबाई, एक घरचं काम आहे."

घरचं काम म्हणजे कमी पैशाचं, हे मला तेव्हाच कळलं.

मशीन जपानचं होतं. त्यांचा मुलगा दोन वर्षं कंपनीच्या कामाने तिकडे होता, परतताना घेऊन आला आणि इथेच टाकून पुढे दुसऱ्या देशात गेला. ते उचललं त्याच्या आईने, म्हणजे मालतीबाईंनी. त्या आपल्या अंकाच्या संपादक, बहुतेकांना माहीत आहेत. गेम असा, की डोंगरातल्या एका छोट्या रेल्वे स्टेशनचे तुम्ही मास्तर. फलाट झाडायचा, तिकिटं द्यायची, कुंड्यांना पाणी घालायचं, उतरणाऱ्या माणसांशी बोलायचं, आणि दिवस संपला की स्टेशनमास्तरच्या वहीत एक पान लिहायचं. सगळं जपानीत. मालतीबाईंना त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही. चित्रं बघून, चुकून, पुन्हा चुकून त्या शिकल्या. नऊ वर्षं रोज थोडं थोडं खेळल्या.

"हे काय वय आहे का सांगा," गोविंदराव म्हणाले. "पण चालायचं."

झालं असं होतं, की मालतीबाई नांदेडला बहिणीकडे गेल्या होत्या आणि इकडे गोविंदरावांनी जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा नेमका डिस्कवर ठेवला. डिस्कला चीर गेली. बायको यायच्या आत निस्तरावं म्हणून, जपानची मिळेना तेव्हा, त्यांनी त्याच गेमची अमेरिकेची डिस्क मागवली. ती त्या मशीनवर चालेना. मी मशीन मोड करून दिलं, डिस्क चालली, पण स्टेशन नाही. नवा मास्तर, रिकामा फलाट.

मी त्यांना समजावलं. स्टेशन आणता येईल. पण वहीचं काम वेगळं. जपानच्या गेममध्ये एकेक अक्षर मेमरीत दोन घरं घेतं, अमेरिकेच्या गेममध्ये एकच. वही तशीच नेली तर अक्षरं एकमेकांवर चढतील आणि गेम सगळंच सेव्ह खराब म्हणून टाकेल. मग दोनच मार्ग. वही कोरी करून बाकीचं न्यायचं, किंवा पान न् पान अक्षर बदलत न्यायचं. दुसऱ्याला दोन दिवस जास्त, आणि पैसेही जास्त.

तिथून घासाघीस सुरू झाली. घासाघीस मला आवडते. बेगम बाजारात मी मसालेवाल्याला रडवते. पण घासाघिशीत समोरच्याच्या कामाची इज्जत ठेवायची असते. गोविंदराव म्हणाले, "बटणं दाबायचेच पैसे ना शेवटी?" मग म्हणाले, "आपल्यातल्या आपल्यात कसला भाव?" बारा वर्षांत आपल्यातली मी पहिल्यांदाच झाले होते. मग म्हणाले, "तुमच्याकडे काय, भाडं आणि वीज. शिक्षणाचा खर्च थोडाच आहे."

मी म्हटलं, "साहेब, वही सोडली तर अर्ध्यात होईल."

"सोडा की मग. वही-बिही काही नको. रिकामीच असेल. स्टेशन तेवढं आणा."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? सांगतो आहे ना!"

मी स्टेशन आणलं. वही कोरी केली. जे ठरलं ते.

मालतीबाई परत आल्या. त्यांनी मशीन लावलं, फलाट बघितला, कुंड्या बघितल्या, आणि वही उघडली. त्या वहीत त्या रोज लिहीत होत्या. गेममध्ये इंग्रजी अक्षरंही उमटवता येतात, त्या अक्षरांत मराठी. घरात कुणी उघडणार नाही अशी ती एकच जागा होती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं. काय लिहीत होत्या ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका.

गोविंदरावांनी घरी सांगितलं की दुकानवालीने घालवली. आपणच वही नको म्हणालो, हे सांगितलं नाही. इथपर्यंत मी समजू शकते. बायकोसमोर माणूस घाबरतो. पण संक्रांतीच्या तिळगुळाच्या कार्यक्रमात, भरल्या सभागृहात, माइकवरून ते म्हणाले, "सभासदांना एक विनंती. आपल्या मौल्यवान वस्तू कुठेही दुरुस्तीला टाकू नका. या लोकांच्या हातात विश्वासाने काही द्यावं अशी स्थिती नाही. आमच्या घरी नुकताच अनुभव आला." आणि माझ्याकडे बघितलं. मी चौथ्या रांगेत होते, हातात तिळगुळाची पुडी.

या लोकांच्या. मी दुरुस्तीवाल्यांबद्दल बोललो, असं ते पुढे दोघातिघांना म्हणाले. सभागृहातल्या प्रत्येकाला कळलं होतं ते कुठल्या आडनावाच्या लोकांबद्दल बोलले. कळलं नसतं तर माझ्या शेजारच्या बाईंनी पर्स या मांडीवरून त्या मांडीवर घेतली नसती.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या मी फोन लावला.

"गोविंदराव, तुमच्या बायकोची वही माझ्याकडे आहे. काम सुरू करायच्या आधीची कॉपी. अजून पुसलेली नाही. ज्या माइकवरून मला चोर म्हणालात त्याच माइकवरून माफी मागा आणि घेऊन जा. पैसे नकोत मला."

"मी चोर म्हणालो नाही."

"मग काय म्हणालात?"

"हे बघा, मी तुमची माफी मागू? मी?" त्यांचा आवाज चढला. "ठेवा ती तुमच्याजवळच."

फोन बंद. मी पाकिटावर लाल पेनने 'माफीनंतर' असं लिहिलं आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

आठ महिने ते पाकीट तिथे होतं. रोज सकाळी सोल्डरची गुंडाळी काढायला ड्रॉवर उघडायचे, तेव्हा दिसायचं, आणि रोज माझं डोकं नव्याने फिरायचं. गिऱ्हाइकांवर ओरडायचे. एक मौलवीसाहेब नातवाचं मशीन घेऊन आले होते, ते म्हणाले, "बेटी, आप मशीन से झगड रे या मेरे से?" मी त्यांना बसवून चहा पाजला. पाकीट तिथेच. मला वाटायचं, मालतीबाईंना माहीत आहे. नवऱ्याची बाजू घेऊन बसल्या असतील. बसू देत. मोठ्या घरच्या बायकांना वही काय, दुसरी आणतील.

गणपती झाल्यावर एक दिवस दुपारी त्या जिना चढून आल्या. एकट्या. धाप लागली होती. मी स्टूल दिलं नाही, त्यांनीच ओढून घेतलं.

"तुमचा लेख आला नाही अंकाला," त्या म्हणाल्या.

"येणारही नाही."

"वाटलंच मला. सुजाताताई, मी रागावलेली नाही हे सांगायला आले. यंत्र आहे, जातं कधी. हे त्या दिवशी माइकवर नको ते बोलले. मला तेव्हाच उठून बोलायला हवं होतं. बोलले नाही, चुकलं माझं."

मी विचारलं, "जातं म्हणजे? कॉपी आहे की माझ्याकडे."

"कसली कॉपी?"

"तुमच्या वहीची. सगळी पानं. साहेबांना सांगितलं होतं मी."

"काय सांगितलं होतं?"

"सभागृहात माफी मागा आणि घेऊन जा म्हणून."

"कधी?"

"तिळगुळाच्या दुसऱ्या दिवशी."

मालतीबाईंनी चष्मा काढला. पदराने पुसला, डोळ्यांवर ठेवला, पुन्हा काढला. मला वाटलं आता नवऱ्यावर चिडतील, आणि खरं सांगते, मी त्याची वाट बघत होते.

"म्हणजे त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या. "आणि तुम्हाला माझा नंबर माहीत नव्हता?"

संपादकांचा नंबर आपल्या प्रत्येक अंकाच्या पहिल्या पानावर छापलेला असतो. दुकानात माझ्या मागच्या फळीवर सहा अंक होते. मी काउंटरवरचा चिमटा उचलला, परत ठेवला.

"वाद तुमचा आणि त्यांचा," त्या म्हणाल्या. "वही माझी होती ना?"

दोन दिवस मी दुसरं काम घेतलं नाही. अक्षर न् अक्षर दोन घरांतून एका घरात उतरवलं. संगणकच ते करतो, मजकूर वाचावा लागत नाही, आणि मी वाचला नाही. तिसऱ्या दिवशी मालतीबाई येऊन बसल्या. काम बरोबर झालं का ते बघायला एक तरी पान कुणीतरी नजरेखालून घालायला हवं होतं. त्यांनी स्क्रीन स्वतःकडे वळवून घेतली, एक पान काढलं, वाचलं, दुसरं काढलं, आणि बराच वेळ वाचत राहिल्या. जिन्यात दोन पोरं खोळंबली होती. मी त्यांना ओरडून खाली पाठवलं.

"बरोबर आहे?" मी विचारलं.

"बरोबर आहे. एवढं वाईट लिहिलं होतं हे विसरले होते." आणि हसल्या.

त्या निघाल्या तेव्हा मी म्हटलं, "आता लेख देते. पण साहेबांबद्दल खरं लिहीन. छापाल?"

"छापेन. घरात मला जे बोलायचं ते मी बोलले आहे. शुद्धलेखन सोडून कशाला हात लावणार नाही." मग दारातून वळल्या. "पण मला एक सांगा. यांनी वही रिकामी असेल म्हटलं, तेव्हा तुम्हाला दिसत नव्हतं का?"

मी सांगितलं. खोटं बोलता आलं असतं.

"हे पण लिहा," त्या म्हणाल्या.

"त्याची काय गरज? लोकांना काय करायचंय?"

"मग त्यांचं तरी लोकांना काय करायचंय?"

"ते माइकवर बोलले. मी माइकवर बोलले नाही."

"तुम्ही तर कुठेच बोलला नाहीत. दोन्ही छापेन, नाहीतर एकही नाही."

मी आणखी दोनदा ओढून बघितलं. ते लिहिते, पण एका ओळीत. नाही. ते लिहिते, पण आठ महिन्यांचं सोडून. नाही. बेगम बाजारातला कुठलाही शेट या बाईपुढे टिकला नसता.

तर लिहिते. गोविंदराव माझ्यासमोर उभे राहून भाव पाडत होते तेव्हा त्या सेव्हची फाइल माझ्या संगणकावर उघडी होती. रिकामी वही कशी दिसते ते मला माहीत आहे, नुसती शून्यांची रांग. ही तशी नव्हती. पानामागून पान भरलेलं होतं. "साहेब, वही भरलेली आहे, घरी एक फोन करून विचारा," एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. त्यांनी माझ्या हाताला बटणं दाबणारा हात म्हटलं होतं, आणि मला त्यांना पस्तावताना बघायचं होतं. 'नक्की?' हे मी त्यांची काळजी म्हणून विचारलं नाही, पुढे त्यांना बोलता येऊ नये म्हणून विचारलं. त्यांना धडा शिकवायला मी दुसऱ्याच बाईची नऊ वर्षं कोरी केली, आणि ती परत करता येत असताना आठ महिने कुलपात ठेवली. मालतीबाई, चुकले. मला माफ करा.

माझ्याकडून जे ठरलं ते पुरं झालं. गोविंदराव, अंकाचं प्रकाशन दरवर्षीप्रमाणे त्याच सभागृहात आहे. मी चौथ्या रांगेत बसेन. माइक तुमच्याच हातात असणार आहे.